तेरिना : नाण्यांवर राहिलेलं गाव (प्रकल्प नोंदी)

४ जून
तेरिनाचं काम आजपासून हातात घेतलं. आमच्या नाणे अभ्यास गटाने ठरवलंय की प्राचीन ग्रीक नाण्यांवर मराठीत गावागणिक एक सविस्तर टिपण करायचं. त्यात छायाचित्रं, ठशांची जुळणी, जुन्या लेखकांचे उल्लेख आणि नकाशा असं सगळं असेल. अथेन्स, कोरिंथ, सिराक्यूज ही मोठी नावं आधीच वाटली गेली होती. मी तेरिना मागून घेतलं.

कारण सरळ आहे. अथेन्सची नाणी नसती तरी अथेन्स आपल्याला माहीत असतं. तेरिनाचं तसं नाही. दक्षिण इटलीत, आजच्या कॅलाब्रियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्वेच्या क्रोटोन या ग्रीक शहराच्या लोकांनी वसवलेलं हे गाव. जुन्या ग्रंथांत त्याच्याबद्दल जे आहे ते सलग छापलं तर एक पान भरणार नाही. पण चांदीची नाणी बघा! ग्रीक जगातल्या सगळ्यात देखण्या नाण्यांत त्यांची गणना होते आणि लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्क अशा सगळ्या मोठ्या संग्रहांत ती आहेत. गावाचं नाव, गावाची देवता, गावाची ऐपत, सगळं नाण्यावर आहे. फक्त पत्ता नाही. शतकानुशतकं अभ्यासक नाणं हातात धरून गाव शोधत राहिले.

माझ्या टिपणाचा कणा हाच ठेवायचा असं मनाशी पक्कं केलंय : नाणं गावाबद्दल काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही.

७ जून
दिवसभर जुने उल्लेख गोळा केले. कालक्रमाने नाही, सापडले तसे लिहून ठेवते.

भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की हॅनिबलला (रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती) तेरिना राखणं जमेना, म्हणून त्याने ते उद्ध्वस्त केलं. मोजून एक वाक्य. प्लिनी किनाऱ्याने खाली येताना 'क्रोटोनवाल्यांचं तेरिना' म्हणतो आणि लगेच तिथल्या मोठ्या आखाताचं नाव देतो, तेही तेरिनावरूनच पडलेलं. एका गावाचं नाव अख्ख्या आखाताला मिळावं, म्हणजे किनाऱ्यावर त्याचा दबदबा असणार.

डिओडोरसकडे इ.स.पू. ३५६ च्या घडामोडींत उल्लेख आहे. ल्युकेनियाच्या डोंगराळ भागात जमलेले, बरेचसे पळालेले गुलाम असलेले लोक एकत्र आले, त्यांना ब्रेट्टी म्हणू लागले, आणि त्यांनी पहिला वेढा घातला तो तेरिनाला. शहर घेतलं आणि लुटलं. पुढे लिव्ही सांगतो की एपिरसचा राजा अलेक्झांडर (जगज्जेत्या अलेक्झांडरचा मामा) इटलीत लढायला आला तेव्हा त्याने ब्रेट्टींकडून तेरिना जिंकून घेतलं. याचा अर्थ लूट झाली तरी गाव उठलं नव्हतं.

पॉलिआयनसने लढायांच्या युक्त्या गोळा केल्या, त्यात स्पार्टाहून हद्दपार झालेला क्लेआंड्रिडास थुरिऑय या दक्षिण इटलीतल्याच ग्रीक शहराच्या सैन्याला तेरिनावर घेऊन जातो. खोलगट वाटेत तेरिनावाले वरून अडवतात, आणि तो त्यांच्यातच फितुरी असल्याचा संशय पेरून सुटतो. सिराक्यूजला वाचवणाऱ्या गिलिपसचा हा बाप. पाचव्या शतकात तेरिना आणि थुरिऑय एकमेकांवर चालून जाण्याइतके तुल्यबळ होते, हे या एका कथेतून कळतं.

आणि लायकोफ्रॉन. त्याची कविता मुद्दाम कोड्यात लिहिलेली आहे, पण हा भाग लख्ख आहे : तीन सायरन बहिणी (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या, पंखवाल्या) समुद्रात उडी घेतात. पार्थेनोपे नेपल्सला लागते, ल्यूकोसिया पेस्टमजवळ, आणि लिगेया खारं पाणी ओकत तेरिनाच्या किनाऱ्यावर. खलाशी तिला गोट्यांच्या पुळणीवर पुरतात, ओकिनारोस नदीच्या भोवऱ्यांजवळ, आणि नदी तिचं थडगं धूत राहते. हे वाचल्यावर नाण्यावरच्या पंखवाल्या बाईकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. तिच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

९ जून
फोटोंचं काम भाच्याकडे दिलं. ज्या संग्रहालयांनी छायाचित्रं मुक्त वापरासाठी दिली आहेत तेवढीच घ्यायची, लिलावाच्या याद्यांतली फक्त ताडून बघायला, छापायला नाही. प्रत्येक नाण्याला एक ओळ : संग्रह, वजन, व्यास, दोन्ही बाजू, कुठे सापडलं. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतोय. चांदीची नाणी दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी हौशी संग्राहकांकडे गेली तेव्हा ती कुठल्या शेतातून आली हे कुणी लिहून ठेवलं नाही. सगळ्यात जास्त जीव याच रकान्यापायी तुटतो.

१५ जून
आज एकच नाणं घेऊन बसले. चांदीचा स्टेटर, म्हणजे गावाचं मोठं नाणं, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आकार साधारण आपल्या रुपयाएवढा, वीस-बावीस मिलिमीटर, पण बराच जाड.

पुढच्या बाजूला तरुणीचं डोकं, बाजूने. ही तेरिना, गावाच्याच नावाची अप्सरा. केस मागे घेतलेले, कपाळावर पट्टी, कानाजवळ सुटलेल्या दोन बटा. ओठ किंचित दुमडलेले.

मागची बाजू मला जास्त आवडते. एक पंखवाली स्त्री चौकोनी दगडावर बसली आहे. समोर भिंत, भिंतीत सिंहाच्या तोंडाची पन्हाळी, त्यातून पाण्याची धार पडतेय. तिने मांडीवर घागर धरली आहे आणि धार नेमकी घागरीच्या तोंडात पडतेय. खाली पाण्यात हंस. दुसऱ्या हातात तिने देवांचा दूत हर्मिस याचा दंड धरलाय. पाण्याची धार म्हणजे नाण्यावर केसाएवढी रेघ आहे, पण ती सुटलेली नाही. वस्त्राच्या चुण्या गुडघ्यावर ताणलेल्या आणि पोटऱ्यांपाशी ढिल्या. एवढ्याशा जागेत कारागिराने भिंत, पाणी, पक्षी, बाई आणि तिचं बसणं सगळं मावून घेतलं, आणि गर्दी वाटत नाही.

इतर ठशांवर हीच स्त्री उपडी घातलेल्या घागरीवर बसलेली असते. कुठे तिच्या बोटावर छोटा पक्षी, कुठे हातात माळ, कुठे ती चेंडू उडवून झेलतेय. देवता म्हणून ती ताठ, गंभीर बसलेली कधीच नाही. घरातली पोर दुपारी विहिरीकाठी वेळ घालवते तशी आहे. (अथेन्सच्या गडावर नीकेच्या देवळाच्या कठड्यावर जी शिल्पं आहेत, त्यांच्याशी तिची तुलना नेहमी होते, आणि वस्त्राच्या चुण्या पाहिल्या की ती पटते.)

ती कोण? विजयदेवता नीके म्हणावी तर आधार आहे : तेरिनाच्या सगळ्यात जुन्या नाण्यांवर मागे ऑलिव्हच्या माळेत उभी असलेली, पंख नसलेली स्त्री आहे आणि तिच्याशेजारी 'नीका' असं लिहिलेलंच आहे. पण मग तिला झऱ्यावर घागर भरायला कशाला पाठवलं? पाणी हे अप्सरेचं काम. काहींनी तिला लिगेया मानलं, पंखांमुळे. माझं मत असं की गावकऱ्यांना तिच्यात दोघी दिसत असाव्यात, नीकेही आणि गावची अप्सराही. पंख विजयाचे, घागर झऱ्याची. टिपणात तिला 'पंखवाली तेरिना' म्हणायचं ठरवलंय, आणि तिन्ही मतं खाली द्यायची.

१६ जून
कालच्या नोंदीत लिहायचं राहिलं : काही ठशांवर एक सुटं ग्रीक 'फाय' अक्षर कोरलेलं आहे. ते थुरिऑयच्या नाण्यांवरही दिसतं. ही ठसा कोरणाऱ्याची सही, आणि एकच उस्ताद दोन्ही गावांसाठी काम करत होता, असा अंदाज जुन्या अभ्यासकांनी केला. वर पॉलिआयनसमध्ये ही दोन गावं एकमेकांशी लढताना दिसली होती. कारागिराला दोन्हीकडे काम मिळत असेल तर मला नवल वाटत नाही, चांगल्या हाताला शत्रूही बोलावतो.

२१ जून
ठशांची जुळणी सुरू. नवीन वाचकांसाठी ही पद्धत टिपणात नीट सांगायला हवी, म्हणून इथे आधी लिहून बघते.

नाणं पाडायला दोन ठसे लागतात. एक ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवायची, आणि वरून दुसरा ठसा धरून हातोडा मारायचा. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून दोन नाण्यांवर बटेचं टोक आणि अक्षर यांच्यातलं अंतर अगदी तेवढंच असेल, तर ती दोन्ही एकाच ठशाची.

आता खरी मौज. हातोडा थेट वरच्या ठशावर बसतो म्हणून तो लवकर फुटतो, ऐरणीतला जास्त टिकतो. फुटलेल्या ठशाच्या जागी नवा येतो, जोडीदार जुनाच राहतो. पुढे कधीतरी जुना जोडीदारही बदलतो. या बदलांतून साखळी तयार होते : डोक्याचा ठसा 'क' हा पंखवालीच्या १ आणि २ क्रमांकाच्या ठशांबरोबर, मग २ क्रमांकाचा ठसा डोक्याच्या 'ख' बरोबर. साखळीची दिशा कुठली हे तडा सांगतो. ठशाला बारीक तडा गेला की त्यात चांदी शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. तडा कधी भरून येत नाही, तो वाढतच जातो. म्हणजे ज्या नाण्यावर रेघ आखूड ते आधीचं, ज्यावर लांब ते नंतरचं.

आज भाच्याने दोन फोटो शेजारी ठेवले. पंखाच्या टोकापासून कडेकडे जाणारी रेघ, एकावर जेमतेम, दुसऱ्यावर कडेपर्यंत पोचलेली. तो म्हणाला, "मावशी, ही तर घड्याळाच्या काट्यासारखी आहे." त्याला आता सांगावं लागत नाही, आपणहून तासन्‌तास बसतो.

तेरिनाची अशी ठसावार मांडणी कुर्ट रेगलिंगने १९०६ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध केली. कुठल्याही ग्रीक गावाच्या नाण्यांवर असं काम झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी तो एक. ज्या गावाचा पत्ता पक्का नव्हता, त्याच्या टांकसाळीत कुठला ठसा आधी वापरला आणि कुठला नंतर हे मात्र कळलेलं होतं. आम्ही नव्याने काही शोधत नाही आहोत. त्याच्या मांडणीवर आज उपलब्ध असलेले फोटो बसवून मराठी वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी जुळणी करता येईल असे तक्ते करतोय.

अक्षरांचाही आधार मिळतो. जुन्या नाण्यांवर 'तेरिनावाल्यांचं' या अर्थाच्या शब्दात शेवटी ऱ्हस्व ओ साठीचं अक्षर आहे, नंतरच्या नाण्यांवर तिथे दीर्घ ओ चा ओमेगा येतो. नवी लिपी गावात रुळल्याची ही खूण.

२४ जून
सरांनी सुचवलं की ठशांवर लिहायचं तर ठसे कोरणाऱ्याला भेट. पुण्यात देवांचे टाक करणारे कारागीर आहेत. खंडोबा, भवानी, म्हसोबा, सगळ्यांचे ठसे त्यांच्याकडे, चांदीचा पत्रा त्यावर ठोकून टाक उठवतात. नाणं आणि टाक एक नाही, पत्रा वेगळा, घाव वेगळा. पण ठसा म्हणजे तीच उलटी, खोल कोरणी.

मोठा करून छापलेला झऱ्याचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी बाई बघितलीच नाही, धार बघितली. "ताई, ही रेघ शेवटी मारलीय. आधी मारली असती तर घागर कोरताना बिघडली असती." मग म्हणाले, "किती मोठं आहे हे खरं?" मी बोटाने दाखवलं. त्यांनी भिंग मागवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ठसा कुठून खराब होतो असं विचारलं. "खड्ड्याला काही होत नाही. खड्ड्याची कड मरते." त्यांनी आपला जुना भवानीचा ठसा दाखवला : चेहरा शाबूत, पण चेहऱ्याभोवतीची कड गोल झालेली. घरी येऊन तक्ता काढला. एकाच ठशाची जी नाणी आम्ही नंतरची ठरवली होती, त्यांच्यावर अक्षरांच्या कडा मऊ पडल्या आहेत, आधीच्यांवर त्या तीक्ष्ण आहेत. तडा नसलेल्या ठशांसाठीही क्रम लावायला हा आधार होईल. तक्त्यात रकाना वाढवला.

कोरताना काम कुठवर आलं हे बघायला ते ठशात मऊ मेण दाबून काढतात. म्हणाले, "उलटं कोरायचं, सुलटं बघायचं."

२ जुलै
तेरिनातल्या एकाच घराण्याची नावं आपल्यापर्यंत आली आहेत, आणि ती दुःखामुळे.

एलिसियस हा तिथला श्रीमंत गृहस्थ. त्याचा मुलगा युथिनूस एकाएकी गेला. बापाला संशय, कुणी इस्टेटीसाठी विष तर दिलं नसेल? खात्री करायला तो मृतात्म्यांशी बोलणं करून देणाऱ्या स्थानी गेला. यज्ञ केला आणि तिथेच झोपला. स्वप्नात त्याचा वारलेला बाप आला, बरोबर मुलासारखा दिसणारा एक तरुण. त्याने तीन ओळींचं लिखाण हातात दिलं : माणसं अज्ञानात भटकतात, युथिनूस त्याच्या नियतीने गेला, जगणं त्याच्याही भल्याचं नव्हतं आणि आईबापांच्याही.

ही गोष्ट क्रँटोर या तत्त्वज्ञाच्या शोकावरच्या लेखनातून पुढे गेली. सिसेरोने ती इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या संवादांत घेतली, त्याच वर्षी त्याची लाडकी लेक टुलिया गेली होती. तेरिना तेव्हा पडून दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. प्लुटार्कच्या नावावर असलेल्या एका सांत्वनपत्रातही ती सविस्तर आहे.

गटातल्या एकाचं म्हणणं, हे नाण्यांच्या टिपणात कशाला? मी ठेवणार. ज्या हातांतून हे स्टेटर फिरले त्यातल्या दोन माणसांची नावं आपल्याला कळतात, ती गाळायची कशी?

६ जुलै
वजनं लावली. चांगल्या स्थितीतले स्टेटर पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. हे अकियन माप, क्रोटोनचंच. त्यात स्टेटरचे तीन भाग होतात, म्हणून तेरिनाची लहान चांदीची नाणी तिसऱ्या हिश्श्याची आहेत. माप आईकडून घेतलं, पण चित्र नाही : क्रोटोनच्या नाण्यावर अपोलोची तिपाई, तेरिनाने ती आपल्या मुख्य नाण्यावर ठेवली नाही, आपली अप्सरा ठेवली. राजकीयदृष्ट्या ती किती मोकळी होती यावर वाद घालता येईल, टांकसाळीत मात्र तिने स्वतःचा चेहरा निवडला होता.

१२ जुलै
आज पत्त्याची नोंद.

नकाशा समोर घेतला की पहिली गोष्ट दिसते ती इटलीची कंबर. तेरिनाच्या आखातापासून पूर्वेच्या स्क्विलाचेच्या आखातापर्यंत जेमतेम तीस किलोमीटर. क्रोटोन पूर्वेला. पश्चिमेच्या समुद्रावर हात ठेवायचा तर जहाजाने मेसिनाच्या सामुद्रधुनीतून वळसा घालण्यापेक्षा जमिनीने जाणं सोपं. तेरिना तिथे का वसवलं हे नकाशाच सांगतो. नेमकं कुठे, हे सांगत नाही.

जुने दावेदार बरेच. उत्तरेच्या नोचेरा गावाने तर आपल्या नावातच 'तेरिनेसे' लावून घेतलं आणि आजही त्याचं नाव तेच आहे, जरी तिथल्या पठारावरच्या अवशेषांचा संबंध अभ्यासक तेरिनाशी जोडत नाहीत. डोंगरातल्या तिरिओलोचंही नाव घेतलं गेलं, नावातल्या सारखेपणामुळे. पण स्ट्रॅबो, प्लिनी दोघेही किनाऱ्याने चालले आहेत, लिगेया समुद्रातून येते. डोंगर बाजूला ठेवावाच लागतो.

राहतं ते सांत'एउफेमिया. आखाताला आज याच गावाचं नाव आहे. तिथल्या एका थडग्यातून एकोणिसाव्या शतकात सोन्याचे दागिने निघाले, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत : बारीक तारकाम, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटाकडचं. एवढं सोनं पुरणारं घर जवळ कुठेतरी होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाओलो ओर्सीने तिथे खणून पाहिलं. कॅलाब्रियाच्या पुरातत्त्वाचा पाया घालणारा माणूस, त्याचं लक्ष इथेच लागलं होतं.

तरी गाव हाती लागायला इतका वेळ का? जमिनीमुळे. हा सगळा सपाट भाग नद्यांनी आणलेल्या गाळाचा. डोंगरातून दर पावसाळ्यात माती खाली येते, किनारा पुढे सरकतो, जुनं खाली जातं. मग दलदल, मलेरिया. १०६२ मध्ये रॉबर्ट गिस्कार या नॉर्मन सरदाराने तिथे मठ उभारला, तो २७ मार्च १६३८ च्या भूकंपात कोसळला, आणि त्याच्या भोवतीची वस्तीही गेली. विसाव्या शतकात दलदल काढून शेतं केली, आणि १९६८ मध्ये निकास्त्रो, सांबियासे आणि सांत'एउफेमिया मिळून लामेझिया तेर्मे हे शहर झालं.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सांत'एउफेमिया वेतेरेजवळ इआर्दिनी दि रेंदा या जागी उत्खनन झालं आणि आखीव रस्त्यांना लागून असलेली घरं निघाली, चौथ्या-तिसऱ्या शतकातली. आज तेरिना म्हणून याच जागेकडे बोट दाखवलं जातं, आणि वस्तू लामेझियाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. वेशीवर नाव लिहिलेला दगड निघालेला नाही. पण काळ जुळतो, किनारा जुळतो, आखाताचं जुनं नाव जुळतं, जवळची श्रीमंत थडगी जुळतात. मला हे पुरेसं वाटतं. ज्यांना शिलालेख हवाच आहे त्यांच्याशी भांडण नाही.

१९ जुलै
नाणं पत्ता सांगत नाही असं मी वर लिहिलं. कधी सांगतं, हेही टिपणात आलं पाहिजे. उदाहरण सिसिलीचं, मोर्गांतिना.

सेरा ओर्लांदो या डोंगरधारेवर १९५५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने खणायला सुरुवात केली. एरिक श्योक्विस्ट आणि रिचर्ड स्टिलवेल हे प्रमुख. शहर मोठं, चौक, नाट्यगृह सगळं. नाव मात्र माहीत नाही. खोदकामात तांब्याची एकाच प्रकारची नाणी सतत निघू लागली : मागे भाला घेतलेला घोडेस्वार आणि खाली 'हिस्पानोरुम', म्हणजे स्पेनवाल्यांचं. सिसिलीच्या मधोमध स्पेनवाले कुठून आले?

उत्तर लिव्हीकडे होतं. रोमने सिराक्यूज घेतलं तेव्हा मोएरिकस नावाच्या स्पॅनिश सेनानीने आतून दार उघडून दिलं. बक्षीस म्हणून त्याच्या लोकांना सिसिलीतलं, रोमविरुद्ध उठलेलं एक शहर द्यायचं ठरलं, आणि मिळालं ते मोर्गांतिना. केनान एरिम या तरुण तुर्की अभ्यासकाने १९५८ मध्ये ही दोन टोकं जोडली. हिस्पानोरुम नाणी जिथे ढिगाने सापडतात ते मोर्गांतिना. त्याआधी हे गाव नकाशावर भलतीकडे लावलं जात होतं.

याच उत्खननात इ.स.पू. २११ च्या विध्वंसाच्या थराखाली रोमचे अगदी पहिले देनारियस (चांदीची नाणी) मिळाले, त्यामुळे रोमन नाण्यांची अख्खी कालगणना सावरली. एका हरवलेल्या गावाने रोमची तारीख ठरवून दिली!

हे वाचून मला तेरिनाचं कोडं उलगडलं. फरक धातूचा आहे. चांदीचं नाणं किमती, ते सैनिकाच्या कमरेला बांधून, व्यापाऱ्याच्या गाठोड्यात, शेकडो मैल जातं. तांब्याचं नाणं त्या बाजारपेठेबाहेर कुणी घेत नाही, म्हणून ते तिथेच पडतं, तिथेच हरवतं. शंभर देखणे स्टेटर मिळूनही जे कळत नाही ते एका शेतात विखुरलेली झिजकी तांब्याची नाणी सांगतात.

२३ जुलै
कालपासून तेरिनाच्या तांब्याच्या नाण्यांवर. ही फोटोत कुणाला आवडत नाहीत, हिरवी, खडबडीत. एकावर खेकडा आणि वर चंद्रकोर. खेकडा किनाऱ्याच्या गावाला शोभतो. संग्राहकांनी स्टेटर जपले आणि ही फेकून दिली असणार. आमच्या तक्त्यात मात्र यांना चांदीइतकीच जागा.

सरांशी यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यांनी आपल्याकडचं जोगळटेंभीचं नाव काढलं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. कोणी कोणाला हरवलं याचा एवढा ठाम पुरावा क्वचित मिळतो. "पण नहपानाची टांकसाळ कुठे होती, ते सांगतो का तो ढीग? नाही सांगत," सर म्हणाले. राजा कळतो, क्रम कळतो, जागा नाही. तेरिनाच्या चांदीचंही हेच.

३० जुलै
शेवटच्या काळाचा भाग लिहून झाला.

इ.स.पू. ३५६ ची लूट डिओडोरस सांगतो, पण नाणी त्यानंतरही पडत राहतात. लहान चांदी, तांबं, आणि थोडे कोरिंथच्या धर्तीचे स्टेटर, एका बाजूला उडता घोडा पेगासस आणि दुसऱ्या बाजूला अथेना. पश्चिमेच्या व्यापारात तेव्हा हे नाणं सगळीकडे चालत होतं, आपलं चित्र बाजूला ठेवून ते पाडण्यात शहाणपण होतं. चौथ्या शतकाच्या शेवटाकडच्या काही नाण्यांवर अप्सरेच्या मानेमागे तीन पायांची खूण आहे, सिसिलीची. तिचा संबंध सिराक्यूजच्या अगाथोक्लिसशी लावतात, तो या किनाऱ्यावर ब्रेट्टींशी लढला होता.

ठशांचं काम उतरत जातं. डोकं तेच, पण बटांमधलं ते सुटेपण राहत नाही, रेघा पाठ केल्यासारख्या. पंखवाली अजून बसलेली आहे, पण आता तिच्यासमोर झरा नाही. तिसऱ्या शतकात टांकसाळ थांबते.

मग हॅनिबल. इटलीत त्याचे अखेरचे दिवस याच दक्षिण टोकात गेले, माघार घेताना जे राखता येत नव्हतं ते रोमच्या हाती लागू नये म्हणून त्याने मोडलं, त्यात तेरिना. इ.स.पू. २०३ मध्ये तो आफ्रिकेला निघाला तो क्रोटोनच्या बाजूने. तिथल्या हेराच्या देवळात त्याने आपल्या सैन्याचा हिशेब ब्राँझवर कोरून ठेवला, पॉलिबियसने तो स्वतः पाहिला होता. लेकीचं गाव मोडणाऱ्याचा लेख आईच्या, म्हणजे क्रोटोनच्या, गावी. टिपणात हे एका वाक्यात येईल, पण येईल.

४ ऑगस्ट
नकाशा पक्का केला. तेरिनाला भरीव ठिपका, सांत'एउफेमिया वेतेरेजवळ. नोचेरा तेरिनेसे आणि तिरिओलो पोकळ ठिपक्यांनी, शेजारी 'जुने दावे'. ओकिनारोस नदीचं नाव मुद्दाम लावलं नाही, कुठल्या ओढ्याला लावायचं यावर मतं वेगळी आहेत. भाच्याने पूर्व-पश्चिम डोंगरवाट तुटक रेघेने काढली, ती छान दिसतेय.

तक्ते मोबाइलवर वाचता येतील असे दोन-दोन नाण्यांचे केले. झऱ्याचं नाणं पूर्ण रुंदीत, बाकीची लहान.

पुढचं गाव गटाने माझ्यावरच सोपवलं : पांडोसिया. तिथे नाणी तेरिनाच्या मानाने फारच थोडी, पण एकावर समोरून बघणारी हेरा आहे, मागे दगडावर बसलेला रानदेव पॅन आणि त्याचा कुत्रा. क्राथिस नदीचा देवही एका नाण्यावर नावानिशी आहे. एपिरसच्या अलेक्झांडरला पांडोसिया आणि अखेरॉन नदी टाळायचं भाकीत झालं होतं, ती दोन्ही नावं आपल्या एपिरसमधलीच समजून तो निर्धास्त इटलीत आला आणि त्याच नावाच्या इटलीतल्या गावाजवळ मारला गेला. ते गाव अजून कुणाला सापडलेलं नाही. उद्यापासून लिव्हीचं आठवं पुस्तक पुन्हा काढायचं, आणि भाच्याला क्राथिसचे फोटो मागवायला सांगायचं.